जबडा तोच, दात वेगळे

व्हीनस फ्लायट्रॅप या किडे खाणाऱ्या झाडाचं साधं रोप आणि 'बी-५२', 'अकाई र्‍यू', 'डेंटे' असं काही नाव लावलेलं रोप यांच्या किमतीत सहज तिपटी-चौपटीचा फरक असतो. कुंडी तेवढीच, माती तीच. कुरिअरच्या खोक्यातून निघतात तेव्हा दोन्ही रोपं इतकी मरगळलेली असतात की त्या चार-पाच पानांकडे बघून महाग कोणतं नि स्वस्त कोणतं, हे विकणाऱ्यालाही सांगता येऊ नये. लेबल वाचलं की कळतं. त्यामुळे आमची गच्ची बघायला येणारी मंडळी जो प्रश्न हमखास विचारतात तो अगदी रास्त आहे: या नावात काही आहे, की नुसतंच नाव? (त्याआधीचा प्रश्न 'बोट चावतं का?' हा असतो. नाही चावत.)

सरळ सांगायचं तर दातांच्या घडणीतला फरक खराखुरा असतो. रंगातला असतो, पण उन्हाच्या मर्जीवर. आणि मापातला असतो की नाही, हे आपण रोप कसं वाढवतो यावर इतकं ठरतं की बहुतेक गच्च्यांवर तो दिसतच नाही. गंमत अशी की आपल्याकडे सगळ्यात जास्त गिऱ्हाईक मापालाच आहे. 'मोठ्ठा जबडा' म्हटलं की पाकीट उघडतं.

मुळात ही सगळी एकाच प्रजातीची लेकरं. डायोनिया म्युसिपुला. या वंशात दुसरी प्रजाती नाही. अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनारपट्टीवर, विल्मिंग्टन शहराच्या भोवती साधारण सव्वाशे किलोमीटरच्या टापूत ही मूळची उगवते, बाकी जगात कुठेही नाही. तिथल्या निकृष्ट, आम्लधर्मी, ओलसर मातीत नायट्रोजन मिळत नाही म्हणून तिने किडे धरायचा उद्योग सुरू केला. पानाच्या टोकाशी असलेला जबडा हाच तिचा सापळा. त्याच्या प्रत्येक पाळीवर बहुधा तीन बारीक केस असतात. त्यांना साधारण वीस सेकंदांच्या आत दोनदा धक्का लागला तर सापळा सेकंदाच्या दहाव्या हिश्शात मिटतो. आत सापडलेला किडा धडपडत राहिला, केसांना आणखी धक्के बसले, की मग पाचक रस सुटतात. हे सगळं साध्या रोपात जसं, तसंच नाववाल्या रोपात. 'बी-५२ जास्त जोरात मिटतो का?' असं विचारणाऱ्यांना मी दोन्ही कुंड्यांसमोर उभं करून हातात टूथपिक देते.

मग नाव लागतं कशाला? आणि लावतं कोण?

या झाडांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद इंटरनॅशनल कार्निव्होरस प्लांट सोसायटीकडे होते. लागवडीतल्या वाणांना नावं देण्याचे नियम १९५३ पासून छापील आहेत. वाण इतरांपेक्षा ओळखू येण्याइतका वेगळा हवा, त्याची सगळी रोपं एकसारखी हवीत, आणि वाढवत नेलं तरी ते वेगळेपण टिकायला हवं. वर्णन लिहायचं, फोटो द्यायचा, ते प्रसिद्ध व्हायला हवं. नोंदणी करणारे नाव नियमात बसतं का, आधी कुणी वापरलंय का, हे तपासतात. पण कुणीही ते रोप मागवून घेऊन, साध्या रोपाशेजारी दोन वर्षं वाढवून, 'हो बुवा, वेगळं आहे' असा दाखला देत नाही. नोंद नावाची होते, परीक्षा होत नाही. आणि बाजारात फिरणाऱ्या कितीतरी नावांची तर नोंदसुद्धा नसते. कुणाला आपल्या गच्चीवर एक जरा दांडगं रोप दिसलं, त्याने त्याला 'जायंट', 'मॉन्स्टर' असं काही म्हटलं, विकलं, झालं बारसं.

हा सगळा घोळ मला आमच्या मामांच्या बागेत उलगडला. मामा दिंडोरी तालुक्यातले, आयुष्य द्राक्षात गेलेलं. त्यांना फ्लायट्रॅप म्हणजे शहरी माणसाचं खूळ वाटतं, आणि ते तसं बोलूनही दाखवतात. पण नावांचं काय ते त्यांना पुस्तक न वाचता माहीत आहे. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन, ही सगळी थॉम्सन सीडलेसमधूनच निघालेली. कुठल्यातरी बागेत एखाद्या वेलीवर, एखाद्या फांदीवर मणी वेगळा दिसला, बागाइतदाराच्या नजरेत भरला, त्याने ती काडी जपली, कलमं बांधली. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या बागेतली निवड म्हणून तास-ए-गणेश, सोलापूरकडच्या नान्नजची सोनाका. बियांपासून यातलं काहीच आलं नाही. आणि मण्याची लांबी? ती तर जीएच्या डिपिंगवर (म्हणजे घड वाढीच्या संजीवकात बुडवण्यावर), विरळणीवर, घडांच्या संख्येवर हवी तशी मागेपुढे होते.

"मणी बघून जात सांगणारा एकतर व्यापारी असतो," मामा म्हणाले, "नाहीतर बागेत कधी उतरलेला नसतो. दोन डिप इकडच्या तिकडं झाल्या की थॉम्सनचा मणी सोनाकाच्या वळणावर जातो. जात विचारायची असंल तर काडी कुणाच्या बागेतून आणली ते विचार."

काडी कुणाच्या बागेतून आणली. फ्लायट्रॅपच्या नावाचाही नेमका एवढाच अर्थ आहे. 'बी-५२' म्हणजे मोठा जबडा असलेलं कोणतंही रोप नव्हे. ज्या एका रोपाला पहिल्यांदा हे नाव दिलं, त्याच रोपाचा कंद फोडून, पान उपटून लावून किंवा टिश्यू कल्चरच्या बाटलीत वाढवून आलेला तुकडा. नाव वंश सांगतं. तो वंश तुमच्या गच्चीवर काय करून दाखवेल, याचा करार त्यात नाही.

आता मापाचं बघू, कारण पैसे तिथेच जातात. साध्या प्रौढ रोपाचा सापळा इंच-सव्वा इंच भरतो, चांगला सांभाळला तर दीड. बी-५२ दोन इंचांच्या वर जातो असं त्याचं नाव आहे, आणि जिथे थंडी, ऊन, पाणी सगळं मनाजोगतं मिळतं तिथे तो जातोही. पण त्यासाठी रोपाला हिवाळ्यात तीन-चार महिने खरी विश्रांती लागते. त्या काळात पानं काळी पडतात, रोप जमिनीलगत बसतं, नवखा माणूस मेलं म्हणून फेकून देतो. ही विश्रांती नीट झाली नाही तर पुढच्या हंगामात रोप खुरटतं, मग त्याचं नाव काहीही असो. इथे नाशिककर नशीबवान. निफाडचा पारा दरवर्षी बातमीत येतो, आणि शहरातही डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहा अंशांच्या खाली उतरतात. मुंबईच्या बाल्कनीत जे झाड दोन वर्षांत थकतं, ते आमच्याकडे तग धरतं. पण आमचा एप्रिल-मे त्याला सोसत नाही. चाळिशी गाठलेल्या उन्हात काळी कुंडी तापते, मुळं उकडतात, सापळे बारके येतात. मग दुपारी हिरव्या जाळीखाली सरकवा, कुंडी पांढरी घ्या, खालच्या थाळीत पाणी ठेवा.

आणि पाणी म्हणजे कसलंही नव्हे. बोअरचं क्षारांचं पाणी दिलंत तर 'जायंट' असो की निनावी, काही महिन्यांत मुळं संपतात. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, पन्नासच्या आत हवा. पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळीखाली पिंप लावायचं, ते संपलं की आरओचं. त्यात खत अजिबात नाही. शेणखत, गांडूळखत, काही नाही. आपल्याकडच्या मायाळू माणसांनी सगळ्यात जास्त फ्लायट्रॅप याच मायेपोटी मारलेत.

तर हे सगळं जुळून आलं तरच बी-५२ आणि साधं रोप यांच्यात पट्टी लावण्याजोगा फरक पडतो. माझ्याकडे तो मार्च महिन्यात दिसतो, विश्रांतीतून उठलेल्या रोपाच्या ताज्या सापळ्यांत. मे महिन्यात दोन्ही कुंड्या सारख्याच रडक्या दिसतात. त्यात एकाच रोपाची पानं ऋतूप्रमाणे बदलतात: वसंतातली रुंद देठाची, मातीला टेकलेली, उन्हाळ्यातली सडपातळ, उभी. पुष्कळदा लोक दोन ऋतूंचे फोटो शेजारी ठेवून 'बघा, दोन जाती' म्हणतात. फुलाचा दांडा वेळीच खुडला की सापळे मोठे होतात, तो राखला की लहान. एवढे सगळे हात त्या मापात गुंतलेले असताना श्रेय नावाला कितीसं द्यायचं?

रंगाची गोष्ट जरा बरी. साध्या रोपाच्या सापळ्याचा आतला भाग भरपूर उन्हात गुलाबी ते गडद लाल होतो, सावलीत फिका हिरवा राहतो. म्हणून उत्तरेकडच्या बाल्कनीत ठेवलेलं रोप आणि दक्षिणेच्या गच्चीवरचं रोप एकाच कंदाचे दोन तुकडे असूनही अनोळखी वाटतात. लाल वाणांचं तसं नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा बोटॅनिकल गार्डनमधून पुढे आलेला 'अकाई र्‍यू' घ्या. हा जपानी नावाचा लाल ड्रॅगन नुसता आतून लाल नसतो; सापळ्याची पाठ, देठ, अख्खं पान रेड वाइनच्या रंगाचं होतं. लाल वाण ओळखायचा असेल तर सापळ्याच्या आत डोकावू नका, पाठ बघा. साधं रोप कितीही उन्हात तापवलं तरी पाठीने बहुधा हिरवंच राहतं. मात्र आमच्याकडे जूनमध्ये ढग भरून आले की ऑगस्टपर्यंत लाल ड्रॅगनचं पाणी उतरतं, तो मळकट तपकिरी-हिरवा होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पाहुणे येतात. ही लाल रोपं वाढीलाही हळू असतात.

याच्या बरोबर उलट 'जस्टिना डेव्हिस'. हे रोप लाल होतच नाही. नाशिकच्या मे महिन्याच्या उन्हातसुद्धा आतून-बाहेरून नितळ हिरवं. नावामागची कथा जरा तिखट आहे. या वनस्पतीबद्दल सगळ्यात आधी लिहिणाऱ्यांपैकी एक म्हणजे नॉर्थ कॅरोलिनाचे गव्हर्नर आर्थर डॉब्ज. १७५९ मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या स्नेह्याला पत्रातून या माशीमार झाडाची खबर दिली. पुढे १७६२ साली, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी पंधरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ती जस्टिना डेव्हिस. गव्हर्नरसाहेबांच्या नावाचा फ्लायट्रॅप माझ्या पाहण्यात नाही. तिच्या नावाचा आहे. मला हे आवडतं.

दातांकडे मी मुद्दाम शेवटी आले, कारण तिथे वादाला जागाच उरत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि साध्या रोपाचा उघडा सापळा कडेने बघा. कडेला लांब, बारीक, टोकाकडे निमुळते होत गेलेले दात ओळीने उभे. सापळा मिटायला लागला की समोरासमोरचे दात एकमेकांच्या फटीत बसतात आणि गजांची खिडकी तयार होते. आता 'डेंटे'चा सापळा बघा. तिथे दात आखूड, पायथ्याशी रुंद, त्रिकोणी. सापळा पूर्ण वाढलेला असला तरी ते लांब व्हायचं नाव घेत नाहीत. 'सॉटूथ'मध्ये दात इतके बारीक चिरलेले की कडेला नुसती झालर दिसते. 'कप्ड ट्रॅप'च्या पाळ्या टोकाशी जुळलेल्या, म्हणून सापळा पुरता उघडतच नाही. 'वॅकी ट्रॅप्स' तर बघवत नाही: जाड, बुटकी पानं, वेडेवाकडे सापळे, बोथट दात. हे फरक मार्चमध्ये दिसतात, मेमध्ये दिसतात, सावलीत दिसतात, उपाशी रोपातही दिसतात. जनुकांत काहीतरी बिघडलंय किंवा बदललंय आणि ते तसंच उतरतंय, याची खात्री पटते.

पण यात एक मेख आहे. त्या लांब दातांचं काम काय, यावर डार्विनने १८७५ मध्ये तर्क लढवला होता: बारके किडे गजांतून निसटून जावेत, त्यांच्या पचनात वेळ वाया जाऊ नये, आणि मोठे तेवढे अडकावेत. दात खरंच तुरुंगाचं काम करतात का, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी सापळ्यांचे दात छाटून तपासलं. २०१९ मध्ये छापून आलेल्या त्या निबंधात दिसलं ते असं की दात कापल्यावर मध्यम आकाराची शिकार हातची जास्त सुटते. म्हणजे गजांचा उपयोग आहे. हे वाचल्यावर मी 'डेंटे'कडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. आमच्या गच्चीवर मुंगळे भरपूर. डेंटेचा सापळा मिटताना एक मुंगळा कडेच्या आखूड दातांवर पुढचे पाय टेकून, अंग ओढून, अगदी निवांत बाहेर आलेला मी पाहिलाय. शेजारच्या साध्या रोपात गेलेला त्याचा भाऊबंद आतच राहिला. कॅरोलिनाच्या दलदलीत डेंटे कदाचित उपाशी मेला असता. आपण त्याला कुंडी, नाव आणि जास्तीची किंमत दिली. नाववाले वाण वेगळे आहेत ते माणसाच्या डोळ्याला. झाडाच्या पोटाच्या हिशोबात यातले बरेचसे उणेच.

आणि 'साधं' रोप ज्याला म्हणतात ते तरी एक कुठे आहे? बियांपासून आलेलं प्रत्येक रोप आपापल्या आईबापांचं वेगळं मिश्रण असतं. मी एका शेंगेतल्या काळ्या, चकचकीत, खसखशीएवढ्या बिया लावल्या होत्या. आज त्या एकाच ट्रेमध्ये कुणाचा देठ रुंद आहे, कुणाचा चिंचोळा, एकाच्या सापळ्यावर बाहेरून लाल रेघ येते, दुसऱ्याला येत नाही. बियांचं रोप प्रौढ व्हायला तीन ते पाच वर्षं लागतात, तेव्हा यातलं कोण काय निघेल ते अजून ठरायचंय. याउलट जगभरच्या सगळ्या कुंड्यांतला बी-५२ हे एकच रोप आहे, तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं. म्हणजे विविधता हवी असेल तर ती निनावी रोपांत आहे, आणि एकसारखेपणाचे पैसे आपण नावाला मोजतोय! अर्थात तो एकसारखेपणाही शंभर टक्के नाही. टिश्यू कल्चरच्या बाटलीत पेशी पुन्हा पुन्हा वाढवताना कधी कधी वाणच जरासा सरकतो. कितीतरी चमत्कारिक फ्लायट्रॅप असेच बाटलीतल्या गडबडीतून निघालेत.

टिश्यू कल्चरला मी नावं ठेवणार नाही. ते नसतं तर ही रोपं जंगलातून उपटूनच आली असती. उत्तर कॅरोलिनात रानातले फ्लायट्रॅप चोरणं २०१४ च्या डिसेंबरपासून गंभीर गुन्हा आहे, एवढी तिथे लूट झालीय. आपण ऑनलाइन घेतो ते रोप बहुधा बाटलीत वाढलेलं असतं, हे चांगलंच आहे.

ऑनलाइन घेताना एक मात्र ध्यानात ठेवा. 'बी-५२ च्या बिया' असं काही नसतं. बी पेरलं की वाण मोडला. निघेल ते बी-५२ चं अपत्य. आणि निळ्या, जांभळ्या फ्लायट्रॅपच्या बियांचे जे फोटो फिरतात तो संगणकावरचा रंग आहे. असं एक पाकीट माझ्याही दारात आलंय. त्यातून उगवलं ते कुठलंतरी गवत.

नाशिकमध्ये कुणी पहिलं रोप घेत असेल तर मी साधंच घ्यायला सांगते, आणि बघायची मजा हवी असेल तर जोडीला एक डेंटे, म्हणजे भिंगाचे पैसे वसूल होतात. सहा तास थेट ऊन असेल तरच लाल वाण घ्यावा. बी-५२ दोन हिवाळे रोप जगवून दाखवल्यावर. पावसाळ्यात अंजनेरीला जाणं होणार असेल तर पठारावरच्या ओलीत सीतेची आसवंही वाकून बघा. तीही किडे खाणारीच, मातीखालच्या इवल्या फुग्यांनी. तिला अजून कुणी 'जायंट' म्हणून विकत नाही.

आणि लेबल पेन्सिलने लिहा. मार्करची शाई नाशिकच्या उन्हात एका हंगामात उडते. लेबल गेलं की जबडा केवढाही असू दे, फोटो बघून अंदाजाने नाव परत लावायचं नाही. काडी कुणाच्या बागेतली ते सांगणारं कुणी उरलेलं नसतं. तेव्हा ते रोप साध्या रोपांच्या रांगेत ठेवायचं आणि साध्या किमतीत द्यायचं. मामांनी एक नेलंय तसलं, पंपाच्या खोलीच्या खिडकीत ठेवायला. चिलटं कमी होतील म्हणाले. होणार नाहीत, एका सापळ्याला एक किडा पचवायला आठवडा लागतो, हे मी त्यांना सांगितलं. "नेऊ दे की," म्हणाले, "नाव काय त्याचं?" मी म्हटलं, लेबल गेलंय. "मग थॉम्सन लिही," म्हणाले, आणि कुंडी उचलून चालू पडले.